रिकाम्या खुर्चीचा फोरमन

अर्धी हजामत झालेला माणूस निदान आरशात बघतो आणि पळत न्हाव्याकडे परत जातो. अर्धी गोष्ट ऐकलेल्या माणसाला आरसा नसतो. तो बिचारा तेवढ्यावर विसंबून कामाला लागतो. धनंजयने केरूला युमेनीसची गोष्ट अर्धीच सांगितली, हा या प्रकरणातला पहिला घोटाळा, आणि तो सर्वस्वी धनंजयचा. त्यामागे काही खोल हेतू होता असं कुणी समजू नये. उरलेली अर्धी त्याला माहीतच नव्हती. विट्याला बी.ए. करताना प्राचीन ग्रीसचा पेपर होता. सिकंदर मेल्यावर त्याच्या सरदारांचं काय झालं यावर सरांनी दोन तास घेतले. पहिल्या तासाला धनंजय वर्गात होता, कारण बाहेर ऊन होतं. दुसऱ्या तासाला तो रसवंतीवर होता, कारण ऊन फारच होतं. परीक्षेत तो प्रश्न आला नाही. तो पुढे शारजात आला.

शारजाच्या औद्योगिक भागात पाण्याच्या टँकरच्या टाक्या बनवणारं एक वर्कशॉप होतं. माणसं सोनापूरच्या कामगार कॅम्पात राहायची, सकाळी बसने यायची. धनंजय स्टोअरमध्ये बसून नट-बोल्ट आणि वेल्डिंगच्या काड्या द्यायचा. इतिहासाच्या पदवीला याहून जवळचं काम तिथं नव्हतं. आणि केरू होता टाइमकीपर.

केरू फलटणकडचा. बाप गाडीवान, लोकांचा ऊस कारखान्याला ओढणारा. पोराचं अक्षर मात्र असं की गावात बारशाच्या पत्रिका छापायच्या सोडून लोक त्याच्याकडून लिहून घ्यायचे. हेल्पर म्हणून शारजाला आला तेव्हा पत्र्यांवर खडूने माप लिहायचं काम त्याला लागलं. ते अक्षर बघून वलीचाचा थांबला. वलीचाचा म्हणजे दापोलीकडचा, वर्कशॉपचा फोरमन. "बाबा माझ्या," तो म्हणाला, "हा हात लोखंडाला लावू नको. वाया जायचा." त्याने केरूच्या हातात पेन दिलं. वलीचाचाचं प्रत्येक वाक्य 'बाबा माझ्या'ने सुरू व्हायचं, शिवीसुद्धा.

तेव्हापासून केरू चाचाच्या मागे सावलीसारखा. कोण आला, कोण गेला, कुठल्या टाकीला किती काम, सगळं त्याच्याकडे. वेल्डर मंडळी त्याला 'पेनवाला' म्हणायची, आणि ते काही लाडाने नव्हे.

चाचाची एक खुर्ची होती. भंगारात आलेल्या निसान पॅट्रोल जीपच्या ड्रायव्हरची सीट त्याने स्वतः पाइपांच्या चौकटीवर वेल्ड केली होती. सीटबेल्ट तसाच लोंबत होता. विचार करताना चाचा तो बेल्ट ओढायचा, बकल अडकवायचा, कट् असा आवाज व्हायचा, आणि मग तो हुकूम सोडायचा. कट् ऐकलं की ग्राइंडर बंद पडायचे.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये एका दुपारी चाचा त्या खुर्चीत सुलेमानीचा, म्हणजे बिनदुधाच्या चहाचा, ग्लास हातात घेऊन बसला आणि गेला. ग्लास पडला नाही. सांडलासुद्धा नाही. माणसांना वाटलं, डोळा लागलाय. दुपारची सुट्टी संपली तरी कुणी उठवलं नाही; उलट त्याची झोपमोड नको म्हणून त्या दिवशी सगळे हळू आवाजात काम करत राहिले. संध्याकाळी बसची वेळ झाली तेव्हा केरू त्याला हाक मारायला गेला. चहा तसाच होता, काठोकाठ.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजर राजन साहेब, मूळचे पुण्याचे, यांनी केरूला फोरमन केलं. ड्रॉइंग वाचता येणारा आणि इंग्रजीत रिपोर्ट लिहिणारा दुसरा कुणी नव्हता. इथून केरूची खरी पंचाईत सुरू झाली. वेल्डरांचा म्होरक्या महादू, राजापूरचा, वर्कशॉपातला सगळ्यात जुना माणूस. ग्राइंडिंग आणि पेंटिंगवाल्यांचा म्होरक्या रामेश्वर, परभणीकडचा, आवाज कॉम्प्रेसरसारखा. हे दोघे एकमेकांचं ऐकत नसत, आणि केरूचं तर दोघेही नाही.

"ज्याने जन्मात वेल्डिंगचा होल्डर धरला नाही तो मला सांगणार, शिवण कुठे घालू?" महादू म्हणायचा.

"पेन चालवून टाकी होते का हो?" रामेश्वर विचारायचा, आणि सगळे हसायचे.

राजन साहेबांनी केरूला बोलावून सांगितलं, "हे बघ केरू, महिनाभरात मला आउटपुट दिसलं नाही तर अरबाब तुझा व्हिसा कॅन्सल करायला सांगेल. पर्सनल काही नाही." अरबाब म्हणजे वर्कशॉपचा अरब मालक. पुण्याची माणसं गळा कापतानाही 'पर्सनल काही नाही' म्हणतात, अशी धनंजयची समजूत त्या दिवशी पक्की झाली.

त्याच दुपारी टाकीच्या सावलीत केरू डबा न उघडता बसला होता. धनंजयला त्याची कीव आली, आणि थोडी विद्वत्ताही आली.

"केरूभाऊ, अगदी तुमच्यासारखाच एक होता. युमेनीस नावाचा."

"कुठला?"

"ग्रीसचा. बाप गाडीवान, पोरगा कारकून. सिकंदराचा कारकून. सिकंदर मेला आणि हा एकदम सेनापती झाला. बाकीचे सरदार म्हणायचे, आम्ही भाले घेऊन हिंडलो तेव्हा हा दौत-टाक घेऊन मागे होता."

केरूने डबा उघडला. "मंग?"

मग धनंजयने रंगवून सांगितलं. रुपेरी ढालींचे म्हातारे सैनिक, साठी-सत्तरीचे, एकही लढाई न हरलेले. त्यांचे दोन म्होरके, दोघांनाही या कारकुनाचा हुकूम नको. तेव्हा युमेनीस म्हणाला, मला सिकंदराचं स्वप्न पडलं. तो म्हणाला, माझ्यासाठी तंबू उभारा, माझं आसन मांडा, मी तुमच्या बैठकीला हजर राहीन. त्यांनी तंबू उभारला, रिकामं सिंहासन ठेवलं, त्यावर मुकुट आणि राजदंड. रोज सगळे सरदार तिथं धूप घालायचे, नमस्कार करायचे आणि सिंहासनासमोर बसून ठरवायचे. हुकूम युमेनीसचा नव्हे, सिकंदराचा. मग मान झुकवायला कुणाची हरकत?

केरूची नजर हळूहळू चाचाच्या खुर्चीकडे गेली.

"आणिक काय करायचा ह्यो?"

"आणखी एक गंमत. ज्यांना हा डोळ्यांसमोर नको, त्यांच्याकडूनच उधार घ्यायचा. मुद्दाम. म्हणजे आपलं येणं बुडू नये म्हणून तेच ह्याचा जीव जपायचे."

केरू पहिल्यांदा हसला. "आन शेवटी?"

आता इथं धनंजयने सरळ म्हणायला हवं होतं की शेवटच्या तासाला मी रस पीत होतो. तो म्हणाला, "शेवटी काय, जिंकलाच."

दुसऱ्या दिवशी केरूने महादू आणि रामेश्वरला सांगितलं, चाचा स्वप्नात आला. म्हणाला, माझी खुर्ची अशी कोपऱ्यात का टाकली? मीटिंग माझ्यासमोर घ्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाचाच्या बाबतीत 'खोटं बोलतोस' म्हणायची हिंमत कुणात नव्हती. खुर्ची मधोमध आली. समोर सुलेमानीचा ग्लास. रोज दुपारच्या सुट्टीत तिघं खुर्चीसमोर जमिनीवर बसायचे, आणि केरू म्हणायचा, "चाचा असता तर काय म्हणाला असता?" मग थोडा वेळ सगळे गप्प. त्या गप्प राहण्यातच निम्मं भांडण मिटायचं. शेवटी केरू जे म्हणेल ते चाचाचं म्हणणं ठरायचं. काम पळायला लागलं.

उधारीही सुरू झाली. केरूने महादूचा स्टोव्ह केबिनमध्ये आणला, रामेश्वरचा रेडिओ आणला, कुणाची छत्री, कुणाचा थर्मास. एक दिवस स्टोअरच्या खिडकीशी येऊन त्याने हात पुढे केला. "तू पन दे काहीतरी."

"मी कुठे तुमच्या वाईटावर आहे?"

"न्हाईस. पन शिकलेला हायेस. तुजा काय भरवसा?"

धनंजयने विट्याच्या बाजारात घेतलेलं नेलकटर दिलं. केरूने ते किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलं.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पहिली गोष्ट खटकली ती चहाची. सुट्टी संपली की ग्लासातला चहा कमी झालेला असायचा. त्या उन्हात बादलीतलं पाणी कमी होतं, चहाचं काय, असं धनंजय म्हणाला. ते बरोबरच होतं. फक्त शेजारी ठेवलेले इतरांचे ग्लास तेवढे आटत नव्हते.

मग रामेश्वर आला. "धनंजय, मलाबी पडलं सपन. चाचा बोलला काहीच नाही. नुसता बेल्ट लावत होता." महादूने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला, कारण त्यालाही तेच पडलं होतं. केरूने स्वप्न बनवून सांगितलं होतं हे फक्त धनंजयला माहीत होतं. एका माणसाने बनवलेलं स्वप्न बाकीच्यांना खरोखर पडायला लागलं म्हणजे ते कुणाचं म्हणायचं, हे कुठल्याही पेपरात आलेलं नाही.

जुलै संपता संपता ते झालं. मीटिंग चालू होती, धनंजय मागे उभा होता. कोपऱ्यातली मोठी टाकी आतून रंगवायची होती, दुपारीच माणूस उतरवू का, असं रामेश्वर विचारत होता. केरू म्हणाला, "चाचा असता तर काय म्हणाला असता?" सगळे गप्प झाले. कॉम्प्रेसर बंद होता. पत्र्याच्या छपरावर ऊन तडतडत होतं.

कट्.

"बाबा माझ्या, त्या टाकीत दुपारी कोणी उतरू नका."

"बरं," म्हणून रामेश्वर उठून गेला. महादूही गेला. केरू जागचा हलला नाही. त्याच्या ओठांवर घाम होता. बेल्ट नेहमीसारखा लोंबत होता, बकल मोकळं.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी त्या टाकीत सकाळच्या रंगातल्या थिनरचा वास कोंडलेला होता. कुणीतरी सकाळी आत लटकवून ठेवलेल्या हँडलॅम्पचा बल्ब फुटला आणि टाकीच्या तोंडातून भक्कन जाळ बाहेर आला, माणसाएवढा उंच. आत कुणी नव्हतं. एरवी त्या वेळी रामेश्वरची दोन माणसं असती.

संध्याकाळी केरूने धनंजयला बाजूला घेतलं. "धनू, काल म्या बोललो न्हाई."

"असं कसं? तुमच्याच तोंडाकडे बघत होतो मी."

"मंग सांग, माजे ओठ हलले?"

धनंजयने आठवून पाहिलं. ओठ मिटलेले होते.

त्यानंतर दुपारी कुठल्याच टाकीत कुणी उतरेना. तो खुर्चीचा नियम झाला. महादू आणि रामेश्वर यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. टँकर मात्र लांबायला लागले. अरबाब राजन साहेबांना ओरडायचा, राजन साहेब केरूला. एक दिवस ते तरातरा खाली आले, "ही जंक उचला इथून" म्हणाले आणि कुणी पुढे येईना तेव्हा स्वतःच खुर्चीला हात घातला. तसाच मागे घेतला. तळव्यावर फोड आला. खुर्ची सावलीत होती.

याच सुमाराला धनंजयने दुसरा घोटाळा केला. हा पहिल्याहून मोठा होता, आणि तो त्याने मोदक खाताना केला.

राजन साहेबांचा फ्लॅट शारजातल्याच रोला भागात. घरी गणपती बसायचा. मखराला ॲल्युमिनियमची चौकट हवी म्हणून त्यांनी धनंजयला शुक्रवारी बोलावलं, 'आपलाच माणूस' म्हणून. चौकट उभी राहिली. साहेबांच्या पत्नी छाया वहिनींनी पानावर मोदक वाढले. त्यांची मुलगी ईशानी कॉम्प्युटरवर शाळेचा प्रोजेक्ट करत होती, विषय अलेक्झांडर. धनंजयच्या अंगात पुन्हा विद्वत्ता आली. त्याने युमेनीसचं नाव काढलं, रिकाम्या सिंहासनाची गोष्ट सांगितली. मुलगी खूश. तिने एन्सायक्लोपीडियाची सीडी लावली आणि मोठ्याने वाचायला लागली.

"अंकल, डू यू नो हाऊ ही डाइड?"

"जिंकला ना तो?"

"नो! हिज ओन सोल्जर्स सोल्ड हिम. फॉर देअर लगेज!"

धनंजयच्या हातातला मोदक हातातच राहिला. ईशानी सांगत गेली. शेवटची लढाई खारट पांढऱ्या मैदानावर झाली. एवढी धूळ उठली की कुणाला काही दिसेना. त्या धुळीच्या आडून शत्रूने मागचा तळ लुटला. म्हाताऱ्या सैनिकांची सगळी कमाई, बायकापोरं, सामान, सगळं त्यात. म्हातारे लढाई हरले नव्हते, पण सामान गेलं होतं. शत्रूने निरोप पाठवला, सेनापती द्या आणि सामान घ्या. त्यांनी युमेनीसला त्याच्याच कमरपट्ट्याने बांधलं आणि नेऊन दिलं. तो मेला. त्या म्हाताऱ्यांवरही कुणी विश्वास ठेवला नाही. नव्या मालकाने त्यांना दोन-दोन, तीन-तीन करून लांब लांब पाठवून दिलं, आणि ते संपले.

"मरताना त्याचं देणं फिटलं होतं का?" धनंजयने विचारलं.

"इट डझन्ट से," ईशानी म्हणाली.

समोर राजन साहेब सफरचंद कापत होते. सुरी थांबली होती. "लगेज," ते स्वतःशीच म्हणाले. "इंटरेस्टिंग." आणि पुढची फोड कापली.

त्या संध्याकाळी धनंजयने केरूला गाठलं आणि उरलेली अर्धी गोष्ट सांगून टाकली. राजन साहेबांनी ती ऐकली हेही सांगितलं. कॅम्पाच्या खोलीत बंकच्या खाटांखाली माणसांचे खोके होते. दोन-दोन वर्षं घरी जायच्या दिवसासाठी भरत आणलेले, सुतळीने आवळलेले, वर ठळक अक्षरांत नाव आणि मुंबई. ती नावं केरूनेच घातली होती. सगळ्यांना त्याचं अक्षर हवं असायचं. महादूचा खोका सर्वांत मोठा. कांबळी, मिक्सर, अत्तरं, लेकीचे कपडे. चार वर्षांत पहिल्यांदाच, दसऱ्यानंतर तो घरी निघणार होता.

"केरूभाऊ, खुर्ची हटवा," धनंजय म्हणाला. "चाचा-बिचा सगळं खोटं होतं म्हणून सांगा. दुपारी काम सुरू करा. साहेब तुम्हाला ठेवतील."

"आन पोरं टाकीत उतरतील."

"उतरतील. आधी उतरतच होती की."

केरूने किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवला. "त्यो हुकूम माजा असता तर म्या मागं घेतला असता, धनू. माजा न्हाई त्यो. दुसऱ्याचा हुकूम म्या कसा मागं घेऊ?"

गणपतीचं विसर्जन झालं आणि वारं सुटलं. सकाळी बस निघाली तेव्हाच आकाश पिवळं होतं. वर्कशॉपात पोचेपर्यंत समोरचं गॅरेज दिसेनासं झालं. धूळ दारातून, फटींतून, पत्र्याच्या भोकांतून आत येत होती. दातांत कचकच, डोळ्यांत कचकच. सूर्य चंद्रासारखा पांढरा दिसत होता, आणि त्याच्याकडे सरळ बघता येत होतं, हेच फार वाईट वाटत होतं.

दुपारच्या आधी राजन साहेबांनी धनंजयकडून स्टोअरमागच्या कंटेनरची किल्ली मागून घेतली. थोड्या वेळाने धुळीतून एक पिकअप आली. तिच्यावरून खोके उतरत होते. पुढचं काही दिसत नव्हतं, पण खोक्यांवरची अक्षरं दिसत होती. केरूचं अक्षर. महादू, मुंबई. रामेश्वर, मुंबई. कॅम्पाच्या खोल्या बदलायच्या म्हणून सामान हलवलं, असं सांगण्यात आलं. कंटेनरला कुलूप लागलं. मग महादू आणि रामेश्वरला ऑफिसात बोलावणं आलं.

ते दोघे ऑफिसातून बाहेर पडल्याचं कळलं तसा धनंजय केरूच्या केबिनकडे धावला. केबिनच्या दारातच तो थबकला.

आत रामेश्वर होता. काही न बोलता त्याने रेडिओ उचलला, काखेत धरला, निघून गेला. मागून एक पेंटर आला, छत्री घेऊन गेला. मग थर्मास गेला. कुणी केरूकडे पाहिलं नाही. शेवटी महादू आला. त्याने पेटता स्टोव्ह फुंकून विझवला, गरम होता तरी तसाच उचलला. वर ठेवलेला चाचाचा चहा त्याने आधी नीट खाली उतरवून ठेवला होता.

ज्याचं देणं फिटलं त्याला जपायचं कारण उरत नाही. केबिनमध्ये आता केरूचं स्वतःचं एक पेन आणि तो ग्लास एवढंच राहिलं.

केरूने जुडग्यातून नेलकटर सोडवलं आणि पुढे केलं. "तुजंबी घिऊन टाक."

धनंजयने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नंतर."

"आरं, नंतर कवा?"

"नंतर. असू द्या तुमच्याकडे."

केरूने त्याच्याकडे पाहिलं. त्याला कळलं. नेलकटर त्याने खिशात टाकलं.

ते आले तेव्हा सगळेच आले. पण थेट केरूला धरायला कुणी धजेना. सवयीने सगळे खुर्चीसमोर बसले. महादूने घसा खाकरला. "चाचा, काय करू सांग." धूळ पत्र्यावर घासत होती. सगळे कान लावून होते. कट् झालं नाही. पुन्हा विचारलं. काही नाही.

"चाचा उठून गेला," महादू म्हणाला. "जागा रिकामी हाय, केरू. तू बस."

"महादू," केरू म्हणाला, "दुपारी पोरांना उतरवू नको. एवढंच."

"बस रे बाबा. आता काय बोलू नको."

केरू बसला. चाचा गेल्यापासून त्या खुर्चीत बसलेला तो पहिला माणूस. महादूने बेल्ट ओढला आणि लावला. कट्. त्या आवाजाने सगळे दचकले, लावणाऱ्यासकट. चौघांनी पाइपांना हात घातला आणि खुर्ची उचलली. पालखीसारखी ती धुळीत गेली. धनंजय मागे उभा होता. केरूचं डोकं दिसत होतं, मग नुसती आकृती, मग तीही नाही. उचलणाऱ्यांपैकी एकाने पुढे कधीतरी सांगितलं की केरू तसा हडकुळा, पण त्या दिवशी दोघांचं वजन लागलं.

कॅन्सलचे कागद तयारच होते. पिकअपने केरूला तसंच विमानतळावर नेलं. खोके संध्याकाळी मिळाले. दुसऱ्या दिवसापासून दुपारी टाक्यांचं काम सुरू झालं. खुर्ची ऑफिसच्या भिंतीशी पडून राहिली. केरू उतरल्यावर बेल्ट पुन्हा लागलेला होता, कुणी लावला ते कळलं नाही. बकल उघडेना म्हणून शेवटी भंगारवाल्याने तो ग्राइंडरने कापला.

महिना-दोन महिन्यांत त्या माणसांच्या बदल्या निघाल्या. अरबाबाला एकत्र राहिलेली टोळी नको होती. दोघे रुवैसला, तिघे लिव्याला, दोघे कुठल्याशा वाळवंटातल्या कॅम्पात. महादूची सुट्टी पुढे गेली, मग आणखी पुढे. खोका त्याच्याबरोबर हिंडत राहिला. सीडीवरचं ते पान राजन साहेबांनी शेवटपर्यंत वाचलं होतं की हे त्यांचं त्यांनाच सुचलं, ते धनंजयला कधी कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

केरू घरी पोचला, एवढं कळलं. फलटणला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चलनं लिहायला लागला. लोक अजून पत्रिका लिहून घ्यायचे. धनंजय दरवर्षी फोन करायचा. नेलकटरचा विषय केरू काढायचा, आणि धनंजय तो बदलायचा.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, कारण इथं तर छत्र्याही उन्हासाठीच, फलटणकडचा एक माणूस धनंजयच्या खोलीवर आला. धनंजय तेव्हा दुबईच्या अल बर्शात व्हिलांच्या साइटवर कागदपत्रं सांभाळायचा. माणसाने वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्याने बांधलेलं छोटं पुडकं टेबलावर ठेवलं. "केरूआण्णांनी दिलंय. लई आजारी हायेत. अंथरुणाला खिळलेत. म्हनत्यात, सगळ्यांचं दिऊन टाकायचं. तुमचं ह्ये शेवटचं."

पुडकं हाताला लागताच आत काय आहे ते कळत होतं. धनंजयने ते दूर सरकवलं आणि फलटणला फोन लावला.

केरूच्या बायकोने, प्रभावती वहिनींनी, उचलला. "बोलत न्हाईत ओ. कालपास्नं आवाजच फुटंना. कानाला लावते, तुमी बोला."

"केरूभाऊ, मी धनू."

पलीकडे श्वासाची घरघर. मागे कुठेतरी पावसाचा आवाज. मग फोनच्या अगदी जवळ, स्पष्ट, धातूचा:

कट्.

धनंजयच्या मनात आलं, नेलकटर. पडल्या पडल्या हातात घेऊन वाजवत असतील. आणि मग त्याने टेबलाकडे पाहिलं. पुडकं तिथं होतं, दोरा न सोडलेला.

"बाबा माझ्या," फोनमधला आवाज म्हणाला, "ते उघडू नको."

"वहिनी!" धनंजय ओरडला. "वहिनी, आत्ता कोण बोललं?"

"कोन?" प्रभावती वहिनींचा आवाज आला. "कोनी न्हाई. ह्ये तर झोपल्यात."

त्या शुक्रवारी एक जण गावाला निघाला होता. धनंजयने पुडकं जसंच्या तसं त्याच्या बॅगेत घातलं. "केरूआण्णांना सांग, धनंजय खोलीवर भेटला नाही म्हणून."

"पण भेटलायस की."

"सांग, नाही भेटला."

दिवाळीपर्यंत केरू उठून बसायला लागला. डॉक्टरांनी गोळी बदलली होती म्हणे, असेलही. फोनवर त्याचा स्वतःचा आवाज आला, थोडा बसलेला. पहिली गोष्ट तो हीच म्हणाला, "लेका, तुजं नेलकटर माज्याकडंच हाय. कुनासंगं तरी धाडतो."

"धाडू नका," धनंजय म्हणाला. "मी येतो न्यायला. कधीतरी."

अजून गेलेला नाही. नखं तो ब्लेडने काढतो. दुकानात नेलकटर दिसलं की पुढे सरकतो. न जाणो, दुसरं विकत घेतलं आणि त्यामुळे पहिल्याचं देणं फिटल्यासारखं झालं तर.